शेवटच्या डब्याचा दिवा

१

दिवस कलला की मास्तर टोपी शोधायला लागायचे. टोपी खुंटीवरच असायची, कायम तिथेच, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भिंत चाचपत जायचं आणि हाताला लागली की कुणीतरी मुद्दाम लपवून ठेवली होती अशा आवाजात म्हणायचं, "हं, ही बघा! इथे आहे होय!" मग कंदिलाची काच पुसायची, घसा साफ करायचा आणि क्वार्टरच्या मागच्या फाटकातून फलाटावर जाऊन उभं राहायचं. पार काळोख पडेपर्यंत. मग परत यायचं आणि टोपी खुंटीवर.

हे रोज. रविवार नाही, ताप नाही, पाऊस नाही. या स्टेशनावरची गाडी बंद झाली तेव्हा त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. आता तिची स्वतःची पोरगी त्या वयाला आली होती, आणि हा माणूस अजून गाडी घ्यायला जात होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मुलीला घरात सगळे ठमी म्हणत. शहरात तिची लाँड्री होती, हाताला कायम वाफेचा वास. ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि बापाला घेऊनच जायचं असं ठरवून आली होती. परवा कंत्राटदाराची माणसं स्टेशन पाडणार होती, क्वार्टरसकट. उद्या संध्याकाळी तिचा नवरा टेम्पो घेऊन येणार होता. त्या टेम्पोत बाप बसला पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं.

"बाबा, कुणाची वाट बघता रोज?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"वाट कसली बघायची? ड्युटी आहे," मास्तर म्हणाले. "गाडी अजून लाईनवर आहे."

"मग उद्या माझ्याबरोबर येणार नाही?"

"गाडी लाईनवर ठेवून मास्तर उठून जातो का कुठे? वेडी का काय तू?"

ठमीला रडायला आलं आणि रागही आला. तिने चहाचं आधण ठेवलं.

२

तसं हे स्टेशन कधीच मोठं नव्हतं. डोंगरात दगडाची खाण निघाली म्हणून मुख्य लाईनपासून हा फाटा टाकला. दगड संपला. मग दोन-तीन डब्यांची एक गाडी सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची, त्यात माणसं कमी आणि भाजीच्या टोपल्या जास्त. एक ऑफिस, एक तिकिटाची खिडकी, एक पत्र्याची शेड आणि मास्तरांचं क्वार्टर. बस.

ठमी त्या ऑफिसातच वाढली, त्यामुळे एक नियम तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. दोन स्टेशनांमध्ये रूळ एकच, तेव्हा त्यावर एका वेळी एकच गाडी. पलीकडून गाडी सुटली की इथल्या यंत्राचा काटा 'गाडी लाईनवर' असा होतो, आणि तो तसा आहे तोवर पलीकडच्याला दुसरी गाडी सोडता येत नाही. गाडी आली म्हणजे इंजिन आलं असं नव्हे. शेवटच्या डब्याच्या पाठीला लाल दिवा असतो. तो दिवा मास्तराने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच काटा 'मोकळी'वर फिरवायचा. कारण एखादा डबा सुटून मधेच राहिला असेल आणि मास्तराने न बघता काटा फिरवला, तर मागून येणारी गाडी सरळ त्या डब्यावर चढते.

"इंजिनाला हार घालायला सगळे येतात," मास्तर म्हणायचे, "शेपटीकडे बघायला फक्त मास्तर असतो."

शेवटच्या गाडीच्या दिवशी गावच्या गाव फलाटावर लोटलं होतं. ठमीची आई बहिणीच्या बाळंतपणाला शहरात गेली होती, ती त्याच गाडीने परतणार होती. ती नेहमी शेवटच्या डब्यात बसायची, कारण तो नेमका क्वार्टरच्या फाटकासमोर थांबायचा. गाडी आली. टाळ्या, शिट्ट्या, कुणी रडतंय, कुणी पोराला इंजिनात चढवतंय. आणि मास्तर गर्दीतून वाट काढत शेपटीला गेले, तर तिसऱ्या डब्याच्या पाठीला दिवाच नव्हता.

"गाडी पुरी आलेली नाही," मास्तर म्हणाले. "पलीकडून चार डबे निघाल्याचं कळवलंय मला."

"मास्तर, तीनच होते की हो," गार्ड हसला. "कधी बघितले चार?"

लोकही हसले. ट्रॉली घालून सगळी लाईन धुंडाळली, पूल बघितला, ओढा बघितला. डबा काय, डब्याचा खिळा सापडला नाही. साहेब लोक म्हणाले, लाईन कायमचीच बंद झाली, राहू दे तो काटा आहे तसा. आणि काटा राहिला.

आई आली नाही. मावशी शपथेवर सांगत होती की मी स्वतः तिला शेवटच्या डब्यात बसवली, खिडकीतून पिशवी दिली. गार्ड म्हणाला, अशी बाई गाडीत नव्हती. मग लोकांनी आपापसात काय ते ठरवलं. मास्तरांच्या घरात भांडणं होतीच, भिंतींना कान होतेच. बाई निघून गेली, दुसरं काय! आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय सांगायचं? ठमीनेही तेच मानलं. आईवर रागावणं तिला सोपं गेलं. नुसती वाट बघत बसणं तिला झेपलं नसतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रूळ उखडणाऱ्या टोळीचा मुकादम दारात आला. गडी बोलका होता. पाणी मागायला आला आणि चहा पिऊन पायरीवर ठाण मांडून बसला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?" तो म्हणाला. "ह्या रुळांवरनं तुम्ही लोक काही चालवता का? ढकलगाडी वगैरे?"

"काय चालवणार? म्हातारे बाबा आणि चार मांजरं. का हो?"

"चला, दाखवतो."

फलाट संपतो तिथे तो थांबला आणि बोटाने दाखवलं. रुळांच्या बाजूंना गंजाचे पापुद्रे सुटले होते, गवत मांडीएवढं माजलं होतं. पण वरची कड लखलखत होती. चाकाखाली घासल्यावर दिसते तशी. ती चमक फलाटापासून निघून पुढे वळणापर्यंत जात होती.

"माझी बायको भांडी इतकी घासत नाही," मुकादम म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, "बघा, रोज चाक फिरलं तरच रूळ असा राहतो. एक पाऊस पडला की गंज धरतो. आणि आम्ही तर पलीकडून उखडत आलोय. वळणाच्या पुढे रूळच उरले नाहीत, नुसती खडी आहे. पलीकडच्या स्टेशनाची तर गोदामं झाली. मग चाक येतं कुठनं आणि जातं कुठं?"

"पोरं खेळत असतील काहीतरी घेऊन," ठमी म्हणाली.

"असतील," मुकादम म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. "माझी माणसं दिवस मावळायच्या आत वळणावरून परत येतात. मी विचारलं का, तर सांगत नाहीत. हसतात नुसते. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय! मास्तरांना घेऊन जा लवकर, एवढं सांगतो."

तो गेल्यावर ठमी खाली वाकली. वळणापर्यंतचं गवत मधोमध उभं होतं, मात्र रुळांना लागून दोन्हीकडे आडवं झोपलं होतं. वाऱ्याने झोपतं गवत, ती मनाशी म्हणाली. रुळांना लागूनच कसा वारा येईल, हेही मनातच आलं. तिने ते तिथेच दाबलं आणि सामान बांधायला गेली.

४

ऑफिसची चावी मास्तरांच्या कमरेला असायची. ते दुपारी जरा पडले तेव्हा ठमीने ती काढून घेतली. तिचं काम साधं होतं. यंत्राचा काटा आपणच 'मोकळी'वर फिरवायचा, मग बाबांना आणून त्यावर त्यांचा हात ठेवायचा. बघा, झाली लाईन मोकळी, चला आता. आजारी मुलाला फसवून औषध पाजतात, त्यातलाच प्रकार.

खोलीत सगळ्यावर धुळीचा थर होता. टेबलावर, तिकिटाच्या खिडकीवर, बाकावर. फक्त यंत्रावर नव्हता. बाबा पुसत असणार, ती म्हणाली. भिंतीला लावलेली ती हिरवी लोखंडी पेटी, वर पितळी घंटा, खाली मूठ आणि मधे काचेआड काटा. गाडी लाईनवर.

तिने मूठ धरली आणि चटकन हात काढला. मूठ कोमट होती. इस्त्री बंद करून ठेवली की तासाभराने लागते तेवढीच. ऊन लागलं असेल म्हणून तिने मागे बघितलं. खिडकीच्या फळ्या बंद होत्या, आणि त्यांच्या फटींत कोळ्यांनी कधीपासून घरं केली होती.

ओल्या चादरी पिळून पिळून ठमीचे दंड चांगले मजबूत झाले होते. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, मग मुठीला फडकं गुंडाळून लावला. मूठ तसूभर हलली नाही. गंजून बसलेली वस्तू करकरते तरी, ही करकरलीही नाही. जणू दुसऱ्या टोकाला कुणीतरी तितक्याच जोराने ती धरून होतं. असलं काही मनात आल्याची तिला लाज वाटली.

ती बाहेर जाऊन भिंतीमागे बघून आली. तारा कधीच तोडलेल्या होत्या. त्यांची टोकं गुंडाळून खिळ्याला अडकवली होती आणि खांबांच्या जागी नुसते खड्डे होते. मेलेलं यंत्र आहे, झालं! ती परत आत आली, कुलूप लावायला. तेव्हा तिला पेटीच्या आत बारीकशी टिकटिक ऐकू आली. वाळवी असेल. लोखंडाला वाळवी लागत नाही हे तिला कुलूप लावल्यावर आठवलं, आणि तिने कुलूप काही परत उघडलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. "ऐकत नसतील तर उचलून घालू गाडीत," तो म्हणाला.

"ते काय गाठोडं आहेत का?" ठमी म्हणाली. "उचलून नेलं तर आठ दिवसांत जातील रे ते. त्यांनी आपणहून यायला हवं."

आता एकच उपाय उरला होता आणि तो तिला सकाळपासून सुचत होता.

५

संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर फलाटावर गेली. मास्तरांनी टोपी सरळ केली, कंदील उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "खरं सांगू? मला आता वळणच दिसत नाही. नुसतं धुकं. एखाद दिवशी डबा येऊन उभा राहील आणि मला कळायचं नाही, ह्याची फार भीती वाटते बघ. तुझे डोळे चांगले आहेत. तू बघ आणि मला सांग."

खोटं बोलायला त्यांनीच दार उघडून दिलं होतं. समोर मोकळे रूळ, गवत, वळणाशी साठत चाललेला काळोख. दुसरं काहीही नव्हतं. पाखरंसुद्धा नव्हती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"आला बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी कंदील वर केला. "काय आलं?"

"डबा. शेवटचा. हळूहळू येतोय." बोलता बोलता तिला ते जमायला लागलं, याचंच तिला वाईट वाटलं. "आला फलाटाला. पाठीला लाल दिवा आहे. मला दिसतोय."

"दिवा बघितलास? स्वतः?"

"स्वतः बघितला."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. ते दोन पावलं पुढे झाले, फाटकासमोरच्या जागेकडे तोंड करून उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. ते कधी, कुणासाठी टोपी काढत नसत.

"उतरली?" त्यांनी हलकेच विचारलं.

ह्या प्रश्नाची ठमीने तयारीच केली नव्हती. सगळं खोटं रचलं आणि हेच विसरली! क्षणभर तिला वाटलं, सांगून टाकावं की काही आलेलं नाही, मी खोटं बोलले. पण उद्या हे स्टेशन पडणार होतं. आणि इतक्या वर्षांचा राग तिच्या जिभेवर आयता तयार होता.

"डबा रिकामा आहे, बाबा," ती म्हणाली. "कुणी नाही त्यात. तिला यायचंच नव्हतं. कधीच नव्हतं यायचं."

मास्तरांचे खांदे खाली आले, एवढंच. मग त्यांनी टोपी परत घातली.

"रिकामा तर रिकामा," ते म्हणाले. "पण पोचला. आता मला मोकळी करायला हरकत नाही. चल."

६

ऑफिसात त्यांनी मूठ दोन बोटांनी फिरवली. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फिरली. काटा 'मोकळी'वर गेला आणि पेटीतली टिकटिक थांबली. मास्तरांनी कळ दाबून पलीकडे घंटी दिली. पोचली.

दूरवर टेम्पोचा हॉर्न वाजला. ठमीने डोळे पुसले. "चला बाबा. झालं ना मनासारखं? चला आता."

आणि भिंतीवरची घंटा वाजली.

खणखणीत, एक टोला. मग थांबून आणखी काही टोले, घाईचे. मास्तरांनी मान तिरकी करून ऐकलं, आणि कितीतरी वर्षांनी ठमीने त्यांना मनापासून हसताना बघितलं.

"गाडी सोडायची परवानगी मागताहेत ठमे! इतकी वर्षं खोळंबून राहिले असतील बिचारे."

"कोण? बाबा, तिकडे गोदामं आहेत. तारा तोडलेल्या आहेत. देऊ नका."

"का देऊ नको? लाईन मोकळी आहे ना?" त्यांनी आपले पांढुरके डोळे तिच्याकडे वळवले. "तूच बघितलंस ना?"

तिथे तिने बोलायला हवं होतं. नाही बघितलं, एवढे दोन शब्द. पण हे मेलेलं यंत्र आहे, कुठेतरी लोखंड तापून निवतंय, ह्यात एवढं काय घाबरायचं, असं तिने स्वतःला समजावलं. आणि बापाच्या तोंडावरचं ते हसू तिला मोडवेना. ती गप्प बसली. मास्तरांनी सवयीच्या हाताने कळ दाबून होकार दिला. लगेच दोन टोले पडले.

"सुटली," मास्तर म्हणाले.

"नको म्हणून कळवा त्यांना. बाबा, परत घ्या!"

"सुटलेली गाडी कुणाला परत घेता येते का? काय झालं काय तुला?"

ठमी बाहेर धावली. फलाट पायाखाली बारीक थरथरत होता. टेम्पो असेल, असं ती म्हणत होती. शेवटपर्यंत म्हणतच होती, आणि तिची मान वळणाकडे वळली.

वळणावर एक डबा उभा होता. आजच आला असं वाटत नव्हतं, चाकांपर्यंत गवत होतं, तरी चाकांच्या कडा रुळांसारख्याच लखलखत होत्या. अर्धाच दिसत होता, उरलेला वळणाआड. शेवटच्या खिडकीत पिवळा उजेड होता, आणि त्या उजेडात एक बाई उठून उभी राहत होती. स्टेशन जवळ आलं की माणूस जसा उठतो तशी. शाल सारखी केली, फळीवरची पिशवी उतरवली, खिडकीच्या काचेत बघून केस नीट केले. ती आताच्या ठमीपेक्षा वयाने लहान होती.

तिच्या मागे, जिथे आता रूळ नव्हते, तिथल्या झाडांवर एका मोठ्या दिव्याचा झोत फिरत येत होता.

"आई!" ठमी फलाटावरून खाली उडी मारून रुळांमधून धावत सुटली. गुडघा फुटला, चप्पल गेली. "आई, उतर! उतर गं खाली! मागे बघ!" दोन्ही हात वर करून ती ते जिवाच्या आकांताने हलवत होती.

मागून मास्तरांचा आवाज आला, आनंदाने ताठ झालेला. "ठमे, कुठे गेलीस? गाडी येतेय गं!"

खिडकीतल्या बाईने बाहेर बघितलं. धावत येणारी बाई तिला दिसली. आवाज पोचत नसावा. आपल्याला न्यायला कुणीतरी स्टेशनावर आलंय, असं तिला वाटलं असणार. ती हसली, आणि तिनेही हात हलवला.